पडद्यावरचं नाव

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. रेडिओवर आम्ही बोलणार आहोत व्हिडिओवर लिहायच्या अक्षरांबद्दल. रेडिओवर अक्षर दिसत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गटांत मोबाईलवर व्हिडिओ करणं इतकं वाढलं आहे, की हे कुठेतरी बोलायलाच हवं. जवसाच्या चटणीचा व्हिडिओ, सरगुंड्यांचा व्हिडिओ, ग्रामसभेचा, दशपर्णी अर्क कसा करायचा त्याचा व्हिडिओ. चित्र आपण छान काढतो. आवाजही बरा येतो. मग शेवटी घाईघाईनं त्यावर चार शब्द टाकतो आणि पाठवून देतो. त्या चार शब्दांबद्दल आजचं बोलणं आहे.

ते शब्द का महत्त्वाचे? बघा, मोबाईलवर व्हिडिओ पाहणारी बाई पुष्कळदा आवाज बंद ठेवून पाहते. घरात लेकरू झोपलेलं असतं, एसटीत शेजारी माणूस बसलेला असतं, दवाखान्यात रांग असते. अशा वेळी तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतात फक्त चित्र आणि अक्षरं. रेडिओवर सगळा भार आवाजावर असतो. आवाज बंद केलेल्या व्हिडिओत तोच भार अक्षरांवर येतो.

आणि ही गोष्ट काही नवी नाही. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. तो मूकपट होता. पात्रं बोलायची नाहीत. मध्ये मध्ये पडद्यावर लिहिलेली पाटी यायची आणि पुढे काय झालं, कोण काय म्हणालं, ते लोक वाचायचे. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातच अशी लिहिलेल्या पाट्यांनी झाली आहे. त्या वेळी प्रत्येक पाटी आधी हातानं लिहायची, मग कॅमेऱ्यानं तिचं चित्रण करायचं आणि ती फिल्म कापून योग्य जागी जोडायची. आज तेच काम आपण बोटानं करतो. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं मिसळायच्या, सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही सांभाळायच्या. फाळक्यांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सरस्वतीबाईंचं नाव किती जणींनी ऐकलं होतं? हा प्रश्न मनात राहू द्या. बोलता बोलता आपण त्याच्याकडे येणार आहोत.

आधी कामाचं बोलू. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

व्हिडिओवर आपण साधारण पाच प्रकारचं लिहितो. पहिलं, सुरुवातीचं शीर्षक. व्हिडिओ कशाचा आहे, ते सांगणारं. दुसरं, नावाची पट्टी. जी बाई बोलते आहे तिचं नाव आणि गाव, तिच्या छातीच्या खाली पट्टीवर. तिसरं, माहिती. किंमत, वजन, प्रमाण, तारीख. चौथं, बोललेलं वाक्य खाली लिहून दाखवणं, ज्याला आपण सबटायटल म्हणतो. आणि पाचवं, शेवटची पाटी. कोणी काय केलं त्यांची नावं आणि संपर्क. व्हिडिओ करायला घ्यायच्या आधी या पाचांपैकी कोणतं लिहायचं आहे ते कागदावर लिहून काढा. कागदावर लिहिलेलं गटात दोघींनी वाचून तपासता येतं. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर चूक सापडत नाही.

आता मोबाईलमध्ये हे कसं करायचं? काईनमास्टर घ्या, इनशॉट घ्या, व्हीएन घ्या, तत्त्व सगळीकडे एकच आहे. खाली व्हिडिओची पट्टी असते. तिच्यावर आणखी एक थर ठेवायचा असतो, त्याला लेयर म्हणतात. पोळीवर पोळी ठेवावी तसं. खालच्या थरात चित्र, वरच्या थरात अक्षरं. ‘टेक्स्ट’ दाबलं की कळफलक येतो. मराठीत टाइप करा, किंवा माइकची खूण दाबून मराठीत बोला, ते लिहून येतं. मग तो अक्षरांचा तुकडा खालच्या पट्टीवर दिसतो. त्याची दोन्ही टोकं धरून ओढली की अक्षरं कधी येणार आणि कधी जाणार ते ठरतं. एवढं आलं की अर्धं काम झालं.

किती वेळ ठेवायचं? याला आम्ही एक सोपा नियम ठेवला आहे. लिहिलेलं स्वतः मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचायचं. जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती अक्षरं पडद्यावर राहिली पाहिजेत. आपण लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला ते एका नजरेत कळतं. पाहणारी पहिल्यांदाच वाचत असते. आणि ती कदाचित चौथीपर्यंतच शिकलेली असते. तिच्या वेगानं चला.

किती लिहायचं? एका वेळी दोन ओळींच्या वर नको. ‘आमच्या गटाच्या वतीने पारंपरिक पद्धतीने तयार केलेली चविष्ट व आरोग्यदायी जवसाची चटणी’ हे वाक्य चांगलं आहे, पण पडद्यावर ते कोणी वाचणार नाही. ‘जवसाची चटणी’ एवढंच मोठ्या अक्षरांत. खाली लहान अक्षरांत गाव. बाकीचं तुम्ही तोंडानं बोला.

रंग कोणता? आपल्याकडे कापूस पांढरा. कापसाच्या ढिगावर पांढरी अक्षरं टाकली तर काय दिसणार? तुरीच्या डाळीवर पिवळी अक्षरं टाकली तर? म्हणून मागे काय आहे ते पाहून रंग निवडा. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय हा, की अक्षरांच्या मागे एक काळपट पट्टी द्या आणि वर पांढरं किंवा पिवळं लिहा. किंवा पांढऱ्या अक्षरांना काळी किनार द्या. बहुतेक ॲपमध्ये ‘आउटलाइन’, ‘शॅडो’ आणि ‘बॅकग्राउंड’ असे पर्याय असतात. लाल अक्षरं काळ्यावर फार आवडतात आपल्याला, पण उन्हात मोबाईल धरला की ती दिसत नाहीत. वावरात उभी राहून पाहणाऱ्या बाईचा विचार करा.

जागा कोणती? व्हिडिओ उभा असेल तर अगदी तळाला आणि उजव्या कडेला लिहू नका. रील्स आणि शॉर्ट्समध्ये उजव्या बाजूला आवडीची, शेअरची बटणं येतात. खाली खात्याचं नाव आणि मजकूर येतो. तुमचा फोन नंबर नेमका त्याखाली दडतो. वरच्या तिसऱ्या भागात शीर्षक आणि खालून थोडं वर नावाची पट्टी, अशी जागा ठरवून टाका. बोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर अक्षर कधीही येऊ देऊ नका.

आता आपल्या मराठीच्या खास अडचणी. व्हिडिओची बरीच ॲप परदेशात, इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलेली आहेत. इंग्रजीत अक्षरापुढे अक्षर बसतं, संपलं. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार, मागे काना, डोक्यावर रेघ. म्हणून इंग्रजीला शोभणाऱ्या काही गोष्टी मराठीची मोडतोड करतात.

एक, अक्षरांमधलं अंतर. ‘लेटर स्पेसिंग’ नावाचा पर्याय असतो. इंग्रजीत तो वाढवला की छान दिसतं. मराठीत वाढवला की शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. तो पर्याय शून्यावरच ठेवा.

दोन, एकेक अक्षर टाइप होत येण्याचा इफेक्ट. त्यात आधी ‘क’ येतो, मग वेलांटी येते, जोडाक्षर अर्धं दिसतं आणि मग पूर्ण होतं. वाचणारीला काहीच कळत नाही. मराठीसाठी पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम येणारा साधा इफेक्ट घ्या. हळूच उमटणं आणि हळूच जाणं, एवढं पुरे.

तीन, दोन ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकींत घुसतात. म्हणून ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवा.

चार, फॉन्ट. आणि इथे आमची एक परीक्षा आहे. कोणताही नवा फॉन्ट घेतला की आम्ही त्यात तीन शब्द लिहून पाहतो : वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांची. आपल्या भागाचं नाव, आपलं पीक आणि आपली माणसं. या तिन्ही शब्दांत तो वाकडा, भुवईसारखा र येतो. हिंदीत तो लागत नाही, मराठीत लागतो. म्हणून सगळेच फॉन्ट त्याच्याकडे नीट लक्ष देत नाहीत. कुठे ‘वर्हाड’ असं उमटतं, कुठे र सुटा पडतो आणि पायमोडका दिसतो. तसं झालं तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. टाइप करताना साधा र घेऊ नका. कळफलकावर खाली टिंब असलेला ऱ असतो, तो घ्या, त्याला हलन्त लावा आणि मग ह किंवा य लिहा.

चौथा शब्द म्हणून ‘कळंब’ लिहा. त्यात आपला ळ आहे. मग ‘शाळा’ आणि ‘लेक’ लिहून ल आणि श बघा. मराठीचा ल पाकळीचा असतो आणि श देठाचा. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ते वेगळे दिसतात. वाचता येतात, पण मराठी शाळेत गेलेल्या डोळ्याला खटकतात. राज्य सरकारनं २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. चांगले फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’, आणि खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’. हे गुगल फॉन्ट्सवरून उतरवून घेता येतात आणि धंद्याच्या व्हिडिओतही मोकळेपणानं वापरता येतात. शीर्षकाला ‘बालू’सारखा जाडजूड, पट्टीला ‘मुक्ता’सारखा सरळ. बारीक रेघांचा फॉन्ट घेऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

पाच, युनिकोड. तालुक्याच्या ठिकाणी टायपिंग करून घेतलेला मजकूर पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. त्यात संगणक खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि वर मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर गेलं की मुखवटा उतरतो आणि भलतीसलती इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये तसं होत नाही. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. मोबाईलवर मराठी कळफलकानं लिहिलेलं सगळं युनिकोडच असतं. म्हणून टायपिंगवाल्या भाऊंना सांगताना एकच शब्द सांगा : युनिकोडमध्ये द्या.

ज्या मुली संगणकावर प्रीमियर प्रोसारखं सॉफ्टवेअर शिकत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे ‘कि’ची वेलांटी भलत्या जागी गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर फॉन्ट बदलत बसू नका. सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली मजकुराचं इंजिन निवडायचं असतं. तिथे दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडला की अक्षरं जुळतात. आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काहीच जमलं नाही तर साधी युक्ती आहे. दुसऱ्या ॲपमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीवर शीर्षक लिहा, त्याचं पीएनजी चित्र जतन करा आणि ते चित्र व्हिडिओवर थर म्हणून ठेवा. चित्रातलं अक्षर फुटत नाही.

आता मजकुराकडे वळू. पट्टीवर नुसतं ‘कळंब’ लिहू नका. आपलं कळंब यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचं, चिंतामणीचं. पण धाराशिव जिल्ह्यातही कळंब आहे, तेही तालुक्याचं गाव. व्हिडिओ एकदा फिरायला लागला की तो कुठे पोचेल सांगता येत नाही. तिकडच्या कळंबचा माणूस ऑर्डर द्यायला फोन करेल आणि मग दोघांचाही वेळ जाईल. म्हणून नेहमी ‘कळंब, जि. यवतमाळ’. फोन नंबर मात्र इंग्रजी अंकांत लिहा. आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच तेलंगणातला आदिलाबाद आहे, तिकडच्या गिऱ्हाइकाला मराठी अंक कळतीलच असं नाही. आणि नंबर गटाचा ठेवा. एखाद्या ताईचा घरचा नंबर व्हिडिओवर टाकला तर रात्री-अपरात्री कोणाचेही फोन येतात, घरात त्यावरून वाद होतात आणि ती पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर उभीच राहत नाही. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर पाकिटावरचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक शेवटच्या पाटीवर द्या. त्यानं विश्वास वाढतो.

इथवर हाताचं काम झालं. आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगतो. नावाची पट्टी.

पट्टीवर वरच्या ओळीत नाव असतं. खालच्या ओळीत त्या बाईची ओळख असते. ती ओळख कोण ठरवतं?

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी आधी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं, ते निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मग उद्घाटन कोणी केलं? आपल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशालीताई येडे यांनी. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर, एवढ्या मोठ्या साहित्यिकांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. पण बातम्यांमध्ये त्यांची ओळख बहुतेक वेळा दोनच शब्दांत आली : शेतकरी विधवा.

ते शब्द खोटे नाहीत. ज्या प्रश्नावर त्या बोलत होत्या, त्याच्याशी त्यांचा संबंध होता. पण विचार करा. नवरा गेल्यावर जी बाई शेत कसते, लेकरं शिकवते, कर्ज फेडते, गटाचे हिशेब ठेवते, तिच्या नावाखाली दहा वर्षांनंतरही नवऱ्याच्या मरणाचाच उल्लेख लिहायचा का? व्हिडिओ पेरणीचा आहे आणि बियाणं कसं राखायचं ते ती समजावून सांगते आहे. तिथे खाली ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिला’ लिहिलं, तर पाहणारा बियाण्याकडे बघेल की तिच्या कपाळाकडे?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. म्हणून आमच्या गटांत एक पद्धत ठेवली आहे. कॅमेरा सुरू करायच्या आधी त्या ताईलाच विचारायचं : ताई, तुमच्या नावाखाली काय लिहू? आणि तिनं सांगितलेलंच लिहायचं. पहिल्यांदा विचारलं की पुष्कळजणी गप्प होतात. कोणी हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. ‘लिहा काहीही,’ म्हणतात. थोडं थांबलं की मग उत्तर येतं. एक म्हणते शेतकरी लिहा. एक म्हणते सचिव लिहा. एक म्हणते, शेळ्या पाळतो आम्ही, ते लिहा. एखादी म्हणते, माझं लिहू नका, घरी चालायचं नाही. मग नाही लिहायचं. तिचे हात दाखवा, काम दाखवा, नाव राहू द्या. नाव लिहिण्याइतकाच न लिहिण्याचाही हक्क तिचा आहे.

‘शेतकरी’ हा शब्द बायकांच्या नावाखाली लिहायला आपणच कचरतो. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो ना, मग मी शेतकरी कशी, असं वाटतं. पण केंद्र सरकारच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानंही शेतकऱ्याची व्याख्या जमिनीच्या मालकीपुरती ठेवलेली नाही. शेतात राबणारी, कुळानं करणारी, मजुरी करणारी, सगळ्यांना तिच्यात जागा आहे. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, विदर्भात हेच सांगत आला आहे. आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. जग म्हणायला लागलं, तर आपल्या व्हिडिओच्या पट्टीवर लिहायला काय हरकत आहे? निंदण, वेचणी, बियाणं, सगळं जिच्या हातून होतं ती शेतकरीच.

आता वरची ओळ, म्हणजे खुद्द नाव. ‘सौ. अमुक अमुक’ लिहायचं की नुसतं नाव, नवऱ्याचं नाव मध्ये घालायचं की आईचं, हेही तिलाच विचारा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव, असा सरकारी कागदपत्रांचा नियम झाला. म्हणजे नाव कसं लिहायचं ही सवय बदलते, आणि ती कागदावर बदलली की घरातही हळूहळू बदलते. नावातली ऱ्हस्व-दीर्घ, आडनावातलं शेवटचं अक्षर तिच्याकडून किंवा तिच्या आधार कार्डावरून ताडून घ्या. बाईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर येतं आणि तेही चुकीचं, असं होऊ नये.

मग कोणी म्हणेल, ताई, आमच्या गटातल्या निम्म्या जणींना वाचताच येत नाही, त्यांना या अक्षरांचा काय उपयोग? याचं उत्तर गुजरातमध्ये मिळालं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक कल्पना मांडली. टीव्हीवरच्या सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द लिहायचे, आणि जो शब्द गायला जातो त्याचा रंग बदलायचा. १९९९ मध्ये गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात हे सुरू झालं, पुढे दूरदर्शनच्या हिंदी गाण्यांनाही लावलं. गाणं पाठ असतं, कान शब्द ओळखतो, डोळा खाली तोच शब्द पाहतो आणि न कळत वाचनाचा सराव होतो. ज्यांनी शाळेत अक्षरं गिरवली आणि पुढे विसरल्या, अशा बायकांसाठी हे फार उपयोगाचं आहे.

म्हणून आपल्या व्हिडिओत सबटायटल देताना जे बोललं तेच लिहा. ताई ‘मले माहीत हाय’ म्हणाली तर खाली ‘मला माहीत आहे’ असं सुधारून लिहू नका. कान एक ऐकेल आणि डोळा दुसरं वाचेल, तर सराव कसा होणार? शिवाय वऱ्हाडी बोलणं चुकीचं आहे, असं आपणच सांगितल्यासारखं होईल. आणि तांड्यावरची ताई गोरमाटीत बोलली, पोडावरची कोलाम ताई कोलामीत बोलली, तर तिला मराठीत बोलायला भाग पाडू नका. तिला तिच्या भाषेत मोकळं बोलू द्या. मराठी अर्थ खाली लिहा. तो अर्थ लिहून झाला की तिला वाचून दाखवा आणि विचारा, हेच म्हणालात ना?

शेवटची पाटी. सिनेमात शेवटी नावं येतात, ती आपण कधी वाचत नाही. पण ज्यांची असतात ते वाचतात. चटणी कोणी कुटली, मोबाईल कोणी धरला, पाणी कोणी आणलं, कोणाच्या अंगणात काम झालं, कोणाच्या लेकीनं व्हिडिओ जोडून दिला, ती सगळी नावं लिहा. पद नको, ‘सौजन्य’ नको, नावं लिहा. प्रमुख पाहुण्यांचं नाव मोठ्या अक्षरांत आणि कुटणारीचं नावच नाही, असं आपल्या व्हिडिओत तरी नको. सरस्वतीबाईंचा प्रश्न मघाशी म्हणूनच विचारला होता. त्या काळी एक पाटी लिहायला एक दिवस जात असेल. आपल्याला एक नाव लिहायला एक मिनिट लागतं.

तर या महिन्यात गटाच्या बैठकीत एक काम करा. एकाच मिनिटाचा व्हिडिओ करा, कशाचाही. त्यावर तीनच ठिकाणी लिहा : शीर्षक, एक नावाची पट्टी आणि शेवटची पाटी. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘शेतकऱ्यांची’ लिहून फॉन्ट तपासा. दोनदा वाचून वेळ ठरवा. मग मोबाईलचा आवाज बंद करा आणि ज्या ताईला व्हिडिओबद्दल काहीच माहीत नाही तिला दाखवा. तिनं तीन गोष्टी बरोबर सांगितल्या पाहिजेत : हे काय आहे, कुठलं आहे, आणि ही बाई कोण आहे. तिसरं उत्तर देताना ती ‘अमक्याची सून’ म्हणाली तर पट्टी आणखी मोठी करा.

आपण इथेच थांबू. तुमचे व्हिडिओ ग्रामसंघाच्या बैठकीत दाखवा, प्रश्न असतील तर तिथेच मांडा, आम्ही येतोच आहोत. नमस्कार.